इनास सरांची शेवटची तालीम

वसईला जाऊन आले म्हटलं की लोक आधी विचारतात, किल्ला पाहिलास का? नाही पाहिला. समुद्रही लांबून, रिक्षातून दिसला तेवढाच. चार दिवस वसई-विरारात काढले, त्यातले बहुतेक निर्मळच्या एका वाडीतल्या अंगणात. तिकडे फिरायला जाणाऱ्यांनी माझ्या लिखाणावर विसंबून राहू नये, स्थळं यात फारशी नाहीत. एक भाऊ आहे आणि एक बहीण आहे, आणि बहीण आता नाही.

भाऊ म्हणजे आमचे इनास सर. सिम्फनी ऑर्केस्ट्राचे कंडक्टर. एसटीचे का, असं विचारायचं तुमच्या ओठांवर आलं असेल तर आवरा, इतकी वर्षं तोच विनोद ऐकून माझे कान किटलेत. आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत सिनेमाची गाणी म्हणतात तोही नव्हे. पन्नास-साठ माणसं व्हायोलिनं, चेलो, बासऱ्या, पितळी वाद्यं घेऊन बसतात आणि समोर एक माणूस उभा राहून नुसत्या हातांनी त्या सगळ्यांना एकत्र ठेवतो. स्वतः एक सूर वाजवत नाही. मी पुण्याच्या हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवायचे, व्हायोलिनची जरा जाड आवाजाची थोरली बहीण. सर जर्मनीतून परत आल्यावर त्यांनी आम्हाला हाताशी धरलं. बँकेतली मी, दातांचे डॉक्टर, इंजिनिअर, शाळामास्तर, अशा पंचरंगी जमावाकडून त्यांनी जे वाजवून घेतलं ते आठवलं की अजून भरून येतं. मग सरांचा डावा कान गेला, उजवाही जायला लागला. एका कार्यक्रमात बासरीवाला तालात पुढे निघून गेला आणि सरांना ते कळलंच नाही. सर त्यानंतर तालमीला आले नाहीत. गावी निघून गेले, निरोपही न घेता.

डिसेंबरात त्यांचा फोन आला. फोनवर ते ओरडूनच बोलतात. "शैला, व्हायोला घेऊन ये. माझ्या बहिणीला दाखवायचंय मी काय करतो ते. वेळ कमी आहे."

## चंदनसार

आम्ही दोघंच गेलो, मी आणि चेलोवाला दिनकर. बाकीच्यांना रजा नव्हती, काहींचे गुडघे गेले होते, काही जण राहिलेलेच नाहीत. पहिला मुक्काम विरार पूर्वेला चंदनसारला, दिनकरच्या भाच्याकडे. इमारत इतकी नवी की जिन्याला अजून सिमेंटचा वास होता. भाचेसून नांदेडची, शेजारचे जौनपूरचे, वरचे रत्नागिरीचे. निर्मळ कुठे आहे हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही. "वो चर्च-मंदिर साइड ना? वेस्टला असेल," एवढंच.

सकाळी रिक्षा केली. चेलो म्हणजे माणसाएवढं व्हायोलिन, काळ्या पेटीत घातला की दुसरा दिनकरच. तो रिक्षात उभाही मावेना, आडवाही मावेना. शेवटी मी कोपऱ्यात, दिनकर माझ्या अर्ध्या मांडीवर आणि पेटीचं डोकं बाहेर. रिक्षावाला म्हणाला, "काका, आत बॉडी-बिडी नाय ना? नाय, आपण विचारलेलं बरं." आम्ही खूप हसलो. शनिवारी मला ते हसू आठवलं आणि कसंसंच झालं.

## निर्मळ, गुरुवार

पुलावरून पश्चिमेला उतरलं की बराच वेळ तीच दुकानं, त्याच इमारती. मग एका वळणाला रस्ता एकदम अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंनी केळी सुरू होतात. थंडीचे दिवस, पाटाचं पाणी सोडलेलं, ओल्या मातीचा वास. जास्वंदीची शेतं मी पहिल्यांदाच पाहिली. आमच्या बार्शीला जास्वंद म्हणजे परसातलं एक झाड, देवापुरती चार फुलं. इथे ती ज्वारीसारखी ओळीत लावलेली. स्कूटरवर पुढे फुलांची टोपली, मागे भाजीचा भारा, मध्ये बाई. देवळाबाहेर हार विकणाऱ्या बाईला रस्ता विचारला तर म्हणाली, "इनासचं घर? क्रूसाला आताच हार घालून आले मी तिकडच्या. त्याच्या डाव्या हाताला वळा."

सर अंगणात अर्ध्या चड्डीवर झाडांना पाणी घालत होते. या माणसाला मी आयुष्यभर काळ्या कोटात पाहिलेलं. केस पार पिकलेले, कानात यंत्र.

"लेट," सर ओरडले. आम्ही सांगितल्या वेळेच्या आधी पोचलो होतो. पण तालमीला कुणीही कधीही आलं तरी सर लेटच म्हणायचे.

मार्टिनाबाय आतल्या खोलीत, अंगणाकडच्या खिडकीशी खाटेवर होत्या. लाल चौकड्यांचं लुगडं, त्यात एवढीशी राहिलेली बाई, पण डोळे टपोरे आणि खट्याळ. पोटाचा आजार होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि आदल्या आठवड्यात फादर येऊन त्यांना तेल लावून गेले होते. त्यांच्यात शेवटच्या आजारात तसं करतात. मला वाटलं, आता काय बोलायचं यांच्याशी. पण त्यांनीच सुरुवात केली.

"हीच का ती, दुसऱ्या पानावर घाई करते ती?"

"सरांनी माझं हेच सांगितलंय का तुम्हाला?"

"अजून पण सांगितलंय. ते नंतर."

दुपारी तांदळाची मऊ भाकरी आणि केळफुलात घातलेली सुकट. मी ज्वारीवर वाढलेली, भाकरी म्हणजे हाताने मोडावी लागते अशी माझी समजूत. ही नुसती बोटांत विरघळत होती. मग सुकेळी दिली. केळी उन्हात वाळवून पानात गुंडाळलेली, तपकिरी, चिकट, दिसायला अगदीच दरिद्री. मी नको-नको म्हणत एक घेतलं आणि मग चार खाल्ली. मार्टिनाबाय खिडकीतून मोजत होत्या की काय कोण जाणे, म्हणाल्या, "पुण्याला डबा देते बांधून, पण रविवारपर्यंत काही ठेव."

भाऊ-बहीण एकमेकांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे. मराठीच ती, पण मला दहात दोन शब्द लागायचे. आमच्याकडे वळले की स्वच्छ मराठी. त्या दुपारी दोघांकडून तुकड्या-तुकड्याने जे ऐकलं ते इथे जोडून सांगते.

वडील गावच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे आणि ते लवकर गेले. वाडी मार्टिनाबायने सांभाळली. उजाडायच्या आधी चाफ्याच्या कळ्या खुडायच्या, केळीच्या पानात बांधायच्या, टोपली घेऊन आळीच्या तोंडाशी उभं राहायचं. तिथे टेम्पो यायचा, तो दादरच्या बाजारात न्यायचा. त्या फुलांवर धाकटा भाऊ चर्चमध्ये ऑर्गन शिकला, मुंबईत व्हायोलिन शिकला आणि जर्मनीला गेला. तिथे बरीच वर्षं दुसऱ्या नंबरचा कंडक्टर. म्हणजे पहिला आजारी पडला तर हा. मग एका लहान शहराच्या नाट्यगृहात पहिला. मग सरकारने दोन ऑर्केस्ट्रांचा एक केला आणि सर मोकळे झाले. तिथे लग्न जमता जमता राहिलं, ते का, हे दोघांनीही सांगितलं नाही.

"आणि तुम्ही त्यांना कधी पाहिलंच नाही वाजवताना?" मी मार्टिनाबायना विचारलं.

"वाजवतो कुठे तो, हात हलवतो," त्या म्हणाल्या. "एकदा गेलते की. मुंबईला मोठ्या हॉलात होता त्याचा. फुलं टाकली बाजारात आणि तशीच गेले. पोचले तर दार बंद. दारावरचा म्हणाला, सुरू झाल्यावर कोणाला सोडत नाय, तुकडा संपला की आत जा. तो तुकडा काय संपेना. पायरीवर बसून ऐकलं. मग परतीच्या टेम्पोची वेळ झाली, निघाले. चांगलं होतं. दारातून पण चांगलं होतं."

सर तेव्हा नळ बंद करायला गेले होते. मी दिनकरकडे पाहिलं तर तो चेलोच्या पेटीचे बक्कल उगाच उघड-मीट करत होता. आमच्या त्या जगाचे नियम मला त्या क्षणी फार निर्दयी वाटले.

रविवारी गावच्या चर्चचा सण होता. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की बँड सरांच्या अंगणात येणार, मार्टिनाबायची खाट ओटीवर ओढायची, आणि सर कंडक्ट करणार. त्यासाठी त्यांनी पाण्याची चाल निवडली होती. तिकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून विहिरीवर जातात आणि नवऱ्या मुलीच्या आंघोळीचं पाणी घागरींतून आणतात. त्या वेळची ही चाल, नाचरी, दोन ओळींची. सरांनी ती अतिशय संथ केली होती, खाली चेलो, मध्ये व्हायोला, वर पितळी वाद्यं. कागदावर वाचतानाच मला कळलं की हे सुंदर आहे. मार्टिनाबायनी लग्न केलं नव्हतं. त्यांच्यासाठी कधी कुणी पाणी आणलं नव्हतं.

## शुक्रवार

चारला बँड आला. निम्मे अर्नाळ्याचे, निम्मे आसपासचे. मास्तर पास्कूकाका, अर्नाळ्याचे कोळी, कॉर्नेट वाजवतात. ही आखूड तुतारी. दिवसा मासळीच्या गाडीचा हिशेब बघतात. छाती अशी की हार्मोनियमचा भाता. सगळ्यांना अंगणात खुर्च्या मांडल्या, सर समोर उभे राहिले, कंडक्टरची बारीक काठी उचलली, आणि मी बऱ्याच वर्षांनी ते खांदे पाहिले. पहिला हात पडायच्या आधी सरांचे खांदे जरा खाली येतात. माझा गज आपोआप तारेवर गेला. जुनी सवय.

हात पडला. मी आणि दिनकरने संथ सुरुवात केली. चौथ्या मात्रेला बँड आला आणि आम्हाला ओलांडून सरळ विहिरीवर गेला. लग्नाच्या वेगात. सरांनी थांबवलं, हाताने खूण करून दाखवलं, हळू. पुन्हा. पुन्हा तेच. सर बिचारे काठी हळूहळू खाली आणतायत आणि बँड कधीच ओळ संपवून बसलाय. शिवाय सरांना अर्धं ऐकू येत नव्हतं. बँड संपवून थांबला तरी काही वेळ ते हात चालवतच होते. मी मान खाली घातली. बघवेना मला.

पास्कूकाका वाईट माणूस नाही. उठून जवळ आले आणि सरांच्या उजव्या कानाशी बोलले. "सर, ही पान्याची चाल हाय. एवढी हल्लू वाजवली तं बायका घागरी ठेवून झोपतील."

"मला तशीच हवी आहे, पास्कू. माझ्या हाताकडे बघा."

"तेच तं सर. आमी हात नाय बघत, पाय बघतो."

मग त्यांनी मला आणि दिनकरला समजावून सांगितलं, कारण सर काठी ठेवून आत निघून गेले होते. इथला बँड कधी बसून वाजवतच नाही. लग्नात बायकांच्या पायांवर वाजवायचं, मिरवणुकीत मूर्ती उचलणाऱ्यांच्या पायांवर. मयताला तर बँड पेटीच्या मागून चालतो. दुसऱ्या गावांत पुढे चालतात, इथे मागे.

"पुढं चाललो तर खांदेकऱ्यांचे पाय कसे दिसनार? पेटी जड असंल, रस्ता खराब असंल, एखाद्याला रडू येत असंल. त्यांचं पाऊल पडंल तसा ठोका. मानसं बाजावर चालत नाय बाई, बाजा मानसांवर चालतो."

आमच्याकडे हलगी पुढे कडकडत असते आणि तिरडी तिच्या मागे जवळजवळ पळवत नेतात. लहानपणी मला वाटायचं, एवढी कसली घाई आहे सगळ्यांना. पास्कूकाकांचं ऐकून ते आठवलं.

सर परत आले. पुन्हा दोनदा वाजवून पाहिलं. मोठा ढोलवाला आपला ठोका धरायला सरांच्या बुटांकडे बघायचा, आणि बूट काही हलत नव्हते. तेवढ्यात खिडकीतून मार्टिनाबायचा आवाज आला. जितका जोर होता तितका लावून, आणि आम्हा सगळ्यांना समजावं म्हणून मराठीतून.

"इनास, असा खांबासारखा उभा काय? चाल ना. तू चाल, ते येतील मागून."

बँडवाले हसले. सरांची पाठ खिडकीकडे होती. ते वळले नाहीत. त्यांना ऐकू आलं नाही की त्यांनी ऐकलं नाही, ते मला समजेना. त्यांनी काठी उचलून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, आणि पुन्हा बँड विहिरीवर गेला.

बँड गेल्यावर सर केळीच्या कडेला दगडावर बसले. मी चहा नेऊन दिला. यंत्र असलेल्या कानाच्या बाजूला बसले.

"ऐकलं तुम्ही त्या काय म्हणाल्या ते?"

"ऐकलं," सर म्हणाले. मग आवाज खाली आणून, जे त्यांना हल्ली जमत नाही. "जर्मनीत पहिल्या दिवशी मी उभा राहिलो आणि सगळे हसायला लागले, शैला. माझे पाय चालत होते. मला माहीतच नव्हतं. ढोलाच्या मागे चालत वाढलेलं पोर, हात हलला की पाय हलणारच. गुरुजी म्हणाले, पाय हलवतो तो बँडवाला. कंडक्टर कमरेच्या वर असतो. खडूने माझ्या बुटांभोवती रेघ मारायचे ते. रेघेबाहेर पाऊल गेलं की थांबवायचे. सगळ्यांसमोर." त्यांनी चहा तसाच ठेवला. "एवढी वर्षं मी ते पाय धरून ठेवले. आता हिला मी काय केलं ते दाखवायचंय, आणि मी बँडवाल्यासारखा अंगणभर फिरू? ती म्हणेल, एवढ्यासाठी पाठवला होता का?"

"त्या असं म्हणणार नाहीत सर."

"उद्या बघू," सर म्हणाले. "उद्या चारला पुन्हा तालीम आहे. काहीतरी बघू."

## शनिवार

मार्टिनाबाय सकाळी गेल्या. आम्ही पडवीत चहा पीत होतो, शेजारच्या बाई त्यांना पेज भरवायला आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. सरांकडे बघून मान हलवली. सर आत गेले. आम्ही बाहेरच थांबलो. आतून सरांचा आवाज येत होता, त्यांच्या त्या घरच्या बोलीत, नेहमीसारखा मोठा. एकेक वाक्य म्हणायचे आणि थांबायचे, उत्तर आल्यासारखे. मी आणि दिनकर एकमेकांकडे न बघता रडलो.

मग चर्चची घंटा वाजली आणि गाव आलं. आमच्याकडे असं काही झालं की आधी कुणीतरी मोठ्याने टाहो फोडतं, मग बाकीच्यांना रडायला येतं. इथे बायका आल्या, बसल्या आणि प्रार्थना सुरू केली, एकीने अर्धी म्हणायची, बाकीच्यांनी अर्धी. ती दिवसभर थांबली नाही, एक दमली की दुसरी. पुरुषांनी अंगणातल्या खुर्च्या उचलून कडेला लावल्या. आदल्या दिवशी बँडसाठी मांडलेल्या त्याच खुर्च्या. देवळाबाहेरची हारवाली आली, तिच्याकडे चाफा होता, या दिवसांत तो कुठून मिळवला कोण जाणे. पदराने डोळे पुसत म्हणाली, "हिच्याच झाडाच्या फांदीचं माझं झाड."

तालीम चारला होती. बँड चारलाच आला. पांढरे शर्ट, काळ्या पँटी. पास्कूकाकांनी सरांचे दोन्ही हात हातांत घेतले आणि सोडले.

पेटी उचलायची वेळ आली तेव्हा सर पुढे झाले आणि उजवीकडचा पहिला खांदा धरला. चुलतभावाचा मुलगा म्हणाला, "अंकल, तुम्ही राहू द्या, लांब आहे." सरांनी त्याचं ऐकूनच घेतलं नाही. मग त्यांना काय वाटलं, डाव्या हाताने कानातलं यंत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. "आवाज फार होतो याच्यात," एवढंच म्हणाले.

म्हणजे सर ऐकण्यासाठी निघालेच नव्हते. मी व्हायोला घरात ठेवली आणि ते यंत्र मुठीत धरून बँडच्या कडेने चालले. मुठीत ते बारीक शिट्टी वाजवत होतं आणि बंद कसं करतात मला माहीत नव्हतं.

सुरुवातीला बँडने मयताची नेहमीची धून वाजवली. शेवटचं घर मागे पडलं तसं पास्कूकाकांनी कॉर्नेट खाली घेतलं, भराभर पुढे जाऊन सरांच्या खांद्याला हात लावला. सरांनी मान वळवली. पास्कूकाका बोलले नाहीत, ऐकू येणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी घागर ओतल्यासारखं केलं. सरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

पास्कूकाका जागेवर आले आणि पाण्याची चाल सुरू झाली.

माझ्या पुढे चालणाऱ्या बायका गोंधळून मागे बघू लागल्या. एक म्हणाली, "लग्नाची कशी वाजवतात?" तिच्या पलीकडे लाल लुगड्यातली एक म्हातारी होती, मार्टिनाबायच्या वयाची. ती वळलीसुद्धा नाही. "वाजू दे," म्हणाली. "तिचं राहिलं होतं."

कालची चाल होती ती, तीच माणसं, तीच वाद्यं. पण सर चालत होते. खांद्यावर बहीण घेऊन, एकेक पाऊल रोवत, आणि बाकीचे तिघं त्यांच्या पावलात पाऊल टाकत होते, आणि मोठा ढोलवाला मान वाकवून सरांच्या बुटांकडे बघत होता. ठोका तिथे पडत होता. सरांनी कागदावर मागितली होती त्याच लयीत, तसूभर पुढे नाही की मागे नाही. चेलो नव्हता, व्हायोला नव्हती, आणि मला त्यांची आठवणसुद्धा झाली नाही. मी सरांच्या हाताखाली मोठमोठ्या रचना वाजवल्यात, पण इतकं एकत्र वाजलेलं काही मी ऐकलेलं नाही.

आळीचं तोंड आलं. तिथे आता एक मोबाइलचं दुकान आहे आणि रिक्षा थांबतात. पेटी थांबायची नेमलेली जागा म्हणजे पुढचा क्रूस, ही नव्हे. सर थांबले. टोपली घेऊन टेम्पोची वाट बघत मार्टिनाबाय इथे उभ्या राहायच्या. खांदेकरी थांबले. ढोल थांबला. बाकीचा बँड ओळीच्या मधोमध एका लांब सुरावर होता. त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं आणि पुढे जा असंही म्हटलं नव्हतं, पाऊल तर पडत नव्हतं. त्यांनी तो सूर तसाच धरून ठेवला. एकाचा श्वास संपला की शेजारच्याने उचलला. पास्कूकाकांच्या मानेच्या शिरा वर आल्या. रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केली. सर पाठमोरे उभे होते, त्यांना मागे काय चाललंय याचा पत्ता नव्हता.

मग त्यांनी पाऊल उचललं.

## रविवार

सण साधेपणाने झाला. मिस्सेत मार्टिनाबायचं नाव घेतलं. आम्ही दुपारी निघालो. शेजारच्या बाईंनी सुकेळीचा डबा आणून दिला, म्हणाल्या, "तिने गुरुवारीच बांधून ठेवायला सांगितला होता, पुण्याच्या बाईसाठी." मी तो दोन्ही हातांनी घेतला.

रिक्षा उभी होती. दिनकर चेलोची पेटी आत घुसवण्याच्या खटपटीत होता. सर फाटकाशी आले. यंत्र मी रात्रीच परत दिलं होतं, पण ते शर्टाच्या खिशातच होतं. त्यांनी ते काढून कानात घातलं आणि बोट लावून नीट बसवलं, तालमीच्या आधी आम्ही तारा जुळवायचो तसं.

"शैला, मला काही ऐकू आलं नाही काल," ते म्हणाले. "खरं सांग. संथ झालं का?"

"झालं सर. तुम्हाला हवं होतं तसंच."

"घाई नाही केली?"

"कुणीच नाही केली."

सरांनी रस्त्याकडे पाहिलं. केळीतून कुणीतरी स्कूटर घेऊन गेलं, ते जाईपर्यंत थांबले.

"आळीच्या तोंडाशी मी थांबलो. मला थांबायचं नव्हतं, पाय थांबले. तिथे ते सगळे पांगले असतील. सूर सोडला असेल."

"नाही सर. धरला."

"पास्कूने?"

"सगळ्यांनी."

सरांनी कानातल्या यंत्राला पुन्हा बोट लावलं. "किती वेळ?"

"तुम्ही पाऊल उचलेपर्यंत," मी म्हणाले.